मेणातलं लेकरू

"आमचं लेकरू हितं हाय म्हणं," दारातला माणूस म्हणाला.

बुद्धप्रियाबाईंनी हातमोजे काढले. लातूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, संशोधन विभागाच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. तिथं कुणाचे नातेवाईक कधी येत नसत. हा मल्लिनाथ, रेणापूरकडचा शेतकरी. मागे भिंतीला टेकून त्याची बायको महादेवी उभी होती. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. संशोधनाला द्याल का, असं दवाखान्यात विचारलं, तेव्हा मल्लिनाथनं हो म्हटलं होतं. त्या वेळी त्याला काही सुचतच नव्हतं.

आता महादेवी झोपत नव्हती. डोळा लागला तरी खाटेच्या कडेला, शेजारी वीतभर जागा सोडून. आमच्यात माती देतात, तो सांगत होता. माती मिळाली नाही म्हणून ते घरात फिरतंय, असं ती म्हणते.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"मलाबी ऐकू येतंय, बाई."

बुद्धप्रियाबाईंना ते आठवत होतं, पण बाळ म्हणून नव्हे. हृदयाचा तुकडा मेणात बसवून त्याचे कागदाहून पातळ काप त्यांनीच काचेवर घेतले होते. पोटात गर्भ घडू लागला, की कोणत्या पेशींनी हृदय व्हायचं हे ठरवण्यात एका प्रथिनाचा हात असतो. ते नुसतं बघून दिसत नाही. त्याला नेमकं हुडकून चिकटणारी अँटीबॉडी बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, फ्रीजरमध्ये ठेवलेली असते. तिचा थेंब कापावर टाकून पुढचे रंग चढवले, की जिथं ते प्रथिन असेल तिथं तपकिरी ठिपके उमटतात. अशी कितीतरी हृदयं त्यांनी रंगवली होती. बाई ती नंबरांनीच ओळखत.

बाकीचा देह दवाखान्यानं नियमाप्रमाणे केव्हाच मार्गी लावला होता. हे बाईंना सांगावं लागलं. उरलंय ते नखाएवढं, मेणाच्या वडीत, असंही त्या म्हणाल्या.

"जेवढं हाय तेवढं द्या," महादेवी पहिल्यांदाच बोलली.

विभागाचे प्रमुख डॉक्टर रविकिरण भले माणूस होते. आईबापांना ते इथं राहायला नको असेल तर उरलेलं परत द्यायलाच हवं, असं ते लगेच म्हणाले. रंगवलेल्या काचा मात्र विभागातच राहतील. आणि त्या काचांमध्ये काय दिसतं ते आईबापांना सांगायचं नाही, असं त्यांनी बाईंना बजावलं. अँटीबॉडीच्या खोक्यावर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं. त्या रंगावरून कुणालाही त्याच्या मुलाबद्दल काही सांगता येत नाही. आपल्यालाच त्याचा अर्थ अजून पुरता कळलेला नाही, ते म्हणाले. आणि ते खरंच होतं.

बाईही काही सांगणार नव्हत्या. त्यांनी वडी पांढऱ्या कापसात ठेवून महादेवीच्या ओंजळीत दिली. ती जागची हलली नाही.

"सासूबाई म्हणत्यात, मी गिराण लागलं असताना भाजी चिरली म्हणून त्याचं काळीज झालंच न्हाई. खरं हाय का?"

बाई उठल्या. त्यांनी कपाटातून त्या हृदयाची काच काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावली.

महादेवी वाकून पाहत राहिली. एका बाजूला तपकिरी ठिपक्यांची दाट गर्दी होती. दुसऱ्या बाजूचा पट्टा अरुंद होता, आणि तो मध्येच संपत होता.

"तपकिरी दिसतंय तिथं काळीज घडायचं काम चालू होतं," बाई म्हणाल्या. "इथं पुरं झालं नाही. का झालं नाही, ते मला माहीत नाही, सरांनाही माहीत नाही. पण भाजी चिरल्यानं असं होत नाही."

महादेवीनं भिंगावरचा डोळा काढला नाही. "म्हंजे त्ये आपलं काम करीत व्हतं."

"हो."

संध्याकाळी बाईंनी हे सरांना स्वतःहून सांगितलं. ते रागावले नाहीत, पण नंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलले. बाईंना त्याचं फारसं वाटलं नाही. त्यांना दुसराच त्रास सुरू झाला होता. कोणताही काप भिंगाखाली आला, की ते ठिपके रंगाचे वाटत नसत. आपलं आपलं काम करत असल्यासारखे वाटत. मान वर करून खिडकीबाहेर पाहिल्यावरही ते दिसत राहत.

मग मल्लिनाथचा फोन आला. रविवारी माती देणार होते. "ती म्हणती, बाईंनी यावं. त्याला तुमच्याइतकं कुणी बघितलं न्हाई."

त्या एसटीनं गेल्या. फाट्यावर मल्लिनाथ मोटारसायकल घेऊन उभा होता. शेतात तुरीच्या कडेला महादेवी बसली होती. सासू लांब बांधावर, तोंडाला पदर लावून.

खड्डा मल्लिनाथनं पहाटेच खणून ठेवला होता. निजलेलं मूल पाय पसरून मावेल एवढा, कमरेइतका खोल. वडी केवढी आहे ते त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं तेवढा खणला होता. महादेवी आत उतरली. नवं फडकं अंथरून तिनं वडी मधोमध ठेवली, वर विभूती टाकली, आणि नवऱ्याचा हात धरून वर आली. मग तिनं मूठभर काळी माती उचलून बाईंच्या हातात दिली.

"आधी तुमी टाका."

त्या पहिल्या मुठीतच मेण दिसेनासं झालं. खड्डा भरायला मात्र पुष्कळ वेळ लागला. खोरं बाजूलाच पडलं होतं. तिघंही गुडघ्यांवर बसून हातांनी माती लोटत होती.