डाव्या डोळ्यावरचा हात

"आता सगळ्यात खालची ओळ," सिस्टरने फर्मावलं.

वीस फुटांवरच्या तक्त्यातली मुंगीएवढी अक्षरं तिसरीतल्या त्या मुलीने घडाघडा वाचली. आधी उजव्या डोळ्याने, मग डाव्याने. सिस्टरने वहीत ‘दृष्टी उत्तम’ लिहून खाली ऐटीत रेघ ओढली. सव्वीस वर्षं ती हा तक्ता घेऊन शाळाशाळांतून फिरत होती. पोर दारातून आत आलं की चष्मा लागणार की नाही हे आपल्याला कळतं, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

"तरी मी म्हणतच होते!" वर्गाच्या बाई म्हणाल्या. "डोळे ठणठणीत आहेत. पण वाचायला घेतलं की या ओळीवरून त्या ओळीवर उड्या. पोरं खारूताई म्हणतात हिला. नुसता आळस, दुसरं काय!"

पुरावा म्हणून त्यांनी पुस्तकच उघडून दिलं. खारूताईने दोन ओळी कशाबशा ओढल्या, तिसरी गाळली, चौथीत अडकली. मग तिने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि बऱ्यापैकी सरळ वाचू लागली.

"हात काढ आधी! नीट बस!" बाई ओरडल्या.

सिस्टर चपापली. हे शब्द तिच्या स्वतःच्या घरातले होते.

"थांबा बाई." ती मुलीसमोर उकिडवी बसली. "हात कशाला गं ठेवतेस?"

"काढला की एका ओळीच्या दोन होतात. एकमेकींवर चढतात." मुलीने जरा विचार केला. "सगळ्यांनाच होतात ना तशा?"

गेल्या महिन्यातल्या प्रशिक्षणात एक तपासणी शिकवली होती. सिस्टरने ती नाक मुरडत ऐकली होती. आता तिने खिशातलं पेन मुलीसमोर धरलं आणि हळूहळू नाकाकडे आणलं. वीतभर अंतर उरलं तोच डावा डोळा पेन सोडून बाहेर सरकला.

"आळस नाही, बाई. लांबचं लख्ख दिसतं, पण जवळ बघताना दोन डोळे जुळत नाहीत. माझ्या तक्त्याला हे कळतच नाही." तिने ‘उत्तम’वर काट मारली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली. "व्यायामाने सुधारतं. तोवर हात ठेवू द्या तिला."

संध्याकाळी घरी लेक पुढच्या आठवड्याचा ड्यूटीचा कागद वाचत बसली होती. आठवीत शाळा सुटलेली ही लेक आता बस चालवायची. अर्ध्या मैलावरच्या थांब्यावर किती माणसं उभी आहेत, हे ती अचूक सांगायची. कागद वाचताना मात्र डाव्या डोळ्यावर हात.

"इकडे बघ," म्हणत सिस्टरने पेन धरलं. वीतभर अंतरावर लेकीचा डोळा तसाच सरकला.

सिस्टरने सगळं सांगितलं. तू शाळेत असताना तुझेही डोळे मीच तपासले होते आणि उत्तम म्हणून लिहिलं होतं, हेही सांगितलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. तिला फार वाईट वाटत होतं.

लेकीने कागद पुन्हा समोर धरला. हात सवयीने डाव्या डोळ्यावर गेला.

"म्हणजे मी ढ नव्हते?"

"नव्हतीस गं. कधीच नव्हतीस. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय, सुट्टी टाक."

मग लेकीचा जो हात तिने वर्षानुवर्षं फटके मारून खाली आणला होता, तो बाजूला करून तिने आपला तळहात लेकीच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"वाच," ती म्हणाली.

लेकीने अख्खा कागद वाचला. तळाची बारीक अक्षरंसुद्धा.