माझ्या टाकीत तेल होतं

मित्रांनो, कुणी हातात पाना घेऊन माझ्याजवळ आलं की मी आधी त्याचे डोळे बघते. हा मला दुरुस्त करायला आलाय की सुटी करून विकायला, ते डोळ्यांत लवकर दिसतं. वय झालं की माणसं संशयी होतात म्हणे. गाड्यांचंही तसंच आहे. मी एक जुनी टू-स्ट्रोक गाडी, दगडमातीतून आणि चढउतारांवरून पळण्यासाठी बनवलेली. मला आरसा नाही, दिवा नाही, मागे कुणाला बसायला जागा नाही.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. एका तपासनिसाने किक मारली, कान लावून ऐकलं आणि माझ्या टाकीवर खडूने फुली मारली, एवढं मात्र लख्ख आठवतं. ती फुली चांगली की वाईट, हे मला कुणीच सांगितलं नाही. संशयाची सुरुवात तिथूनच झाली असावी.

मी आले एका सुताराच्या घरी. त्यांच्या मुलाला शर्यतींचं वेड होतं. घरात सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणते. धाकट्या बहिणीला सगळे छोटी म्हणत. आणि माझी देखभाल करायला होता त्यांचा मामा. मामाचं स्वतःचं गॅरेज होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आवाजावरून तो तिचं दुखणं ओळखायचा.

मामाने दादाला पहिल्याच दिवशी बजावलं, "हिच्या इंजिनाला वेगळं तेल नसतं. पेट्रोलमध्येच मापून तेल मिसळायचं. ते विसरलास तर पिस्टन कोरडा पडेल आणि ही पळता पळता जाम होईल. कळलं?"

"कळलं मामा. किती वेळा सांगाल?"

"तू विसरणार नाहीस तोवर."

तीन वर्षं मी मजेत काढली. शर्यत संपली की लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे. कुणी टाकीवर हात ठेवून फोटो काढायचं. दादाने जिंकलेले कप बाबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, स्वतः बनवलेल्या फळीवर मांडले होते.

मग ती शर्यत आली. सकाळी मामाने टाकी भरली. पेट्रोलमध्ये तेल मापून घातलं, डबा हलवला, मग ओतलं. मित्रांनो, मी शपथेवर सांगते, माझ्या टाकीत तेल होतं. माझ्या पोटात काय गेलं ते मला नाही कळणार तर कुणाला?

तरीही तिसऱ्या फेरीत, उतारावर, माझ्या अंगात आग पेटली. पिस्टन सिलिंडरला चिकटला, मागचं चाक आवळलं गेलं आणि दादा माझ्यावरून उडून पुढे दगडांत पडला. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. पुढे पायात सळई घालावी लागली. शर्यती संपल्या.

जाम झालेलं इंजिन बघून बाबांनी एकच वाक्य उच्चारलं. "तेल घालायला विसरला."

"दाजी, घातलं होतं मी," मामा म्हणाला.

"मग पिस्टन काय हौसेने चिकटला?"

आई मध्ये पडली, पण तिचं कुणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून मामाचं या घरी येणं बंद झालं. पुढे कळलं की त्याने गाड्या उघडायचंच सोडलं. गॅरेजात फक्त पंक्चर काढतो म्हणे. सगळे एकच म्हणत राहिले, तेव्हा त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडाला. घातलं होतं की नव्हतं?

मला बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्यात, फळ्यांच्या थप्पीमागे, एका कोपऱ्यात उभं केलं. माझ्यावर भुसा साचत गेला. कुणी चुकून हात लावला तर बाबा ओरडायचे, "त्या अवदसेपासून लांब राहा!" मी तिथे अकरा वर्षं उभी होते आणि अकरा वर्षं एकच विचार करत होते. तेल होतं, तरी मी जळले. मग मला दगा दिला कुणी? मी मामाच्या तेलाच्या डब्यावर संशय घेतला. पेट्रोलवाल्यावर घेतला. शर्यतीत शेजारी उभ्या असलेल्या निळ्या गाडीवाल्यावर तर फारच घेतला, कारण त्याचे डोळे मला कधीच आवडले नव्हते.

मग एके दिवशी छोटीने फळ्या बाजूला केल्या. आता ती छोटी राहिली नव्हती. पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरीला होती. डोंगरावरच्या टाकीपासून खाली येणाऱ्या पाइपलाइनवर तिला रोज फिरावं लागे, गळती शोधायची, व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. दरड कोसळून जीपचा रस्ता गेला होता आणि तिचा अर्धा दिवस नुसता चालण्यात जात होता.

ती माझ्याभोवती फिरली. टाकीत नाक घालून वास घेतला. मोबाइल काढून चारही बाजूंनी फोटो काढले. झालं, मी मनात म्हटलं, जाहिरात देणार ही. दुसऱ्या दिवशी तिने माझं इंजिन उघडलं आणि एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडून त्याला चिठ्ठी लावली. माझी खात्रीच पटली. चिठ्ठ्यांवर आता भाव लिहायचे राहिलेत!

पण चिठ्ठ्यांवर भागांची नावं होती आणि फोटो होते ते परत जोडताना चुकू नये म्हणून. तिने लेथवाल्याकडून सिलिंडर घासून आणलं, नवा पिस्टन बसवला, कार्बोरेटरमधला गंज धुऊन काढला, प्लग बदलला. पेट्रोलमध्ये तेल घालताना दोनदा मापलं. सतराव्या किकला मी खोकले आणि चालू झाले. सगळा कारखाना निळ्या धुराने भरून गेला.

बाबा रंधा हातात घेऊनच धावत आले. "बंद कर! एक पाय घेतलाय तिने या घरातला!"

"बाबा, पाणी बंद पडलं की लोक मला शिव्या देतात. मला डोंगरावर जायला गाडी हवीय."

"जाईल ती. परत आणेल का?"

मित्रांनो, मला त्यांचा राग आला, पण प्रश्न रास्त होता. पहिल्याच फेरीत, वीस मिनिटांनी, माझं अंग तापलं आणि मी चढावर बंद पडले. छोटीने मला चार किलोमीटर ढकलत आणलं. दुसऱ्या फेरीतही तेच. पण ही मुलगी गळती शोधण्यात मुरलेली होती. तिने एक गोष्ट हेरली. रेस सोडली तरी माझा आवाज खाली येत नव्हता. प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे आत फार तापल्याची खूण. ती कपाळाला आठ्या घालून माझ्यापुढे बसली.

"ही कुठूनतरी हवा ओढतेय," ती म्हणाली. "हवा जास्त शिरली की पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं तेलही कमी. बाबा, तेल घालूनसुद्धा ही जाम होऊ शकते!"

बाबांच्या हातातली करवत थांबली.

इंजिनाची तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि फेस कुठे येतो ते बघायचं, अशी तिची युक्ती होती. पाइपवर ती रोज हेच करत होती. पण माझ्या तोंडांच्या मापाची बुचं मिळेनात. दोन दिवस तिची खटपट बघून बाबा तिसऱ्या दिवशी गुपचूप आले, माप घेतलं आणि दोन लाकडी बुचं कोरून तिच्यापुढे ठेवली. त्यांना जुन्या ट्यूबचं रबरही गुंडाळलेलं होतं.

"खोटी ठरलीस की भंगारात टाकायची हिला," ते म्हणाले. माझा जीव टांगणीला लागला.

सायकलच्या पंपाने तिने हवा भरली आणि साबणाच्या पाण्याने मला माखून काढलं. इथे काही नाही. तिथे काही नाही. मग डाव्या बाजूला, मॅग्नेटच्या मागे, जिथे माझ्या इंजिनाचा फिरता दांडा बाहेर येतो, तिथल्या हवा अडवणाऱ्या रबरी सीलभोवती फेसाचे बुडबुडे फुगायला लागले. लहान, मोठे, एकावर एक.

"अकरा वर्षांत सील वाळलं असेल," बाबा म्हणाले. "त्या दिवशी चांगलं असेल."

छोटीने सील उपसून काढलं आणि उजेडात धरलं. त्याची रबराची कड एका बाजूला आतच दुमडलेली होती. त्याच्या बाहेरच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरने ठोकल्याच्या खुणा होत्या. ते वाळलं नव्हतं. बसवतानाच वाकडं बसवलं होतं.

बाबांचा चेहरा फुलला. "मग तोच की! तेल नाही तर सील. दुसरं कोण हात लावणार? शेवटी तुझ्या मामानेच..."

"मामाने नाही."

दादा दारात उभा होता. कचेरीतून नुकताच आला होता, डबा अजून हातातच होता. जरा लंगडतच तो आत आला.

"शर्यतीच्या तीन दिवस आधी मॅग्नेटमागे तेल गळताना दिसलं. मामाला सांगितलं असतं तर त्याने मला शर्यतीत उतरूच दिलं नसतं. म्हणून मीच नवं सील आणलं आणि ठोकून बसवलं."

मित्रांनो, तेव्हा मला आठवलं. हो, ठोकलं होतं त्याने. त्याचाच हात म्हणून मी काही मनाला लावून घेतलं नव्हतं. साऱ्या जगावर मी संशय घेतला, फक्त एका माणसाला सोडून.

"तुला ठाऊक होतं?" बाबांनी विचारलं.

"तेव्हा नाही. इस्पितळात पडल्या पडल्या शंका आली. पण शंकाच होती ना, बाबा. तुम्ही मामाचं नाव घेतलं आणि... मी गप्प बसलो. पुढे सांगायचं म्हटलं तर इतकी वर्षं का गप्प होतास, हेही सांगावं लागलं असतं."

बाबा खाली भुशातच बसले. मग उठले, चपला घातल्या आणि दादाला म्हणाले, "चल. तू बोलायचंस. मी नुसता उभा राहणार आहे."

मामाच्या दुकानात काय झालं ते, त्यांच्यामागोमाग गेलेल्या छोटीने दुसऱ्या दिवशी नवं सील बसवताना आईला सांगितलं, ते मी ऐकलं. दादाने सगळं कबूल केलं. मामा ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता, तसाच राहिला. मग त्याने फक्त विचारलं, "म्हणजे तेल मी घातलं होतं?"

"हो मामा."

"घातलं होतं मी," मामा म्हणाला. "घातलं होतं." आणि हात पुसून आत निघून गेला. बाबांकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

महिनाभर तो आला नाही. मग एका सकाळी आला. कुणाशी न बोलता माझ्यापुढे उकिडवा बसला, कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला, ऐकलं, पुन्हा जरासा फिरवला. माझा आवाज असा लयीत आला की मलाच नवल वाटलं. आईने चहा आणला. तो त्याने घेतला, पण बाबांनी पुढे केलेल्या स्टुलावर काही बसला नाही. पुढच्या वेळी बसेल, असं छोटीला वाटतं. मी अजून साशंक आहे.

आता मी रोज डोंगरावर जाते आणि रोज परत येते. छोटीच्या खांद्याला मोठा पाना अडकवलेला असतो आणि आम्ही दोघी ओल्या जागा शोधत हिंडतो.

मित्रांनो, एका जुन्या यंत्राचं एवढं ऐका. माझ्यासारखी कुणी तुमच्या घरात धूळ खात असेल तर तिला शिव्या देण्याआधी उघडून बघा. बिघाडाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडून मोकळे होऊ नका. आणि बिघाड तुमच्याच हातून झालेला असेल तर त्याच दिवशी सांगा. माझा पिस्टन दुकानात नवा मिळाला. मामाची अकरा वर्षं कुठल्या दुकानात मिळतात, हे अजून कुणी मला सांगितलेलं नाही.