माहेरवाशिणीच्या हातात काच

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात माहेरी आलेल्या लेकीला काडी उचलू देत नसत. या रीतीचं कौतुक मी खूप ऐकलं आहे. मला मात्र त्या रीतीनं १९८७ साली जे पाहायला लावलं, त्याचा संताप अजून गेलेला नाही.

माझी नणंद सुनंदा. बाळंतपणात मूल गेलं आणि तिनं बोलणं, जेवणं, झोपणं सोडलं. सासरच्यांनी तिला आणून आमच्या ओट्यावर बसवलं नि परतीची एसटी धरली. माझे यजमान पितांबर आणि मी तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी झोप आली, दोन घास पोटात जाऊ लागले. मग डॉक्टर म्हणाले, "आता हिला रोज एक काम द्या. लहान चालेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिनंच करायचं. मध्ये कुणी हात लावायचा नाही."

मी घरी हे सांगितलं, तर माझ्या सासूबाई भिकुबाई फणकारल्या. "मनी पोर माहेरले उनी शे, तिले कामले लावशी? धुळाना डाक्टरले माहेर काय माहीत?"

झालं! सुनंदाची वेणी आई घालणार, ताट बाजेवर येणार, तांब्यासुद्धा तोंडाशी. दीड महिना ती त्या बाजेवर होती. लोक म्हणत, काय लाड आहेत पोरीचे! अहो, धडधाकट माणसाला असं बसवून ठेवलं तर तेही खचेल.

दुपारी सासूबाई शेजारी गेल्या की मी तिच्यापुढे कंदिलाची काच ठेवू लागले. वीज रोज जायची, घरात तीन कंदील होते. चुलीतली राख, एक फडकं, बस्. पहिल्या दिवशी एका काचेला तिला तासभर लागला. मी शेजारी भाकरी थापत होते. हात शिवशिवत होते, पण काचेला लावले नाहीत. आठव्या दिवशी तिन्ही काचा लख्ख झाल्या आणि ती आपणहून म्हणाली, "वहिनी, राख संपनी."

दीड महिन्यात तिनं मागितलेली ती पहिली गोष्ट.

नेमकी तेव्हाच शेजारची झुंबरबाई सासूबाईंबरोबर दारात उभी. "बया! येडी पोरना हातमा काच? भिकुबाई, भावजाईना बेत काय शे, समजस नही का?"

सासूबाईंनी झडप घातली. काच त्यांच्याच हातून निसटली, फुटली. ओरडा मात्र सुनंदाला बसला. ती उठली, बाजेवर गेली, भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवस घास नाही.

पितांबर मला म्हणाले, "कशाला भानगडीत पडलीस? लोक म्हणतात, नणंदेला राबवते."

"मी रोज वीस भाकरी थापते," मी म्हटलं, "तेव्हा मला राबवता असं कुणी म्हटलं का? नि काय राबवलं मी तिला? एक काच! तीही तुमच्या आईनं फोडली." इतकं मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. ते उठून बाजारात गेले आणि नवी काच घेऊन आले. ती कुणाच्या हातात न देता कोनाड्यात ठेवली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी सासूबाई स्वतःच काचा पुसायला बसल्या. मला हात लावू देईनात. करकर आवाज येत होता. बाजेवरची पाठ हलली. सुनंदा उठली, येऊन आईसमोर बसली.

"राखमा खडा शे, माय. काचले रेघ पडी. दे आठे." तिनं हात पुढे केला.

सासूबाई उठल्या, आधी उघड्या दारापाशी गेल्या. समोर झुंबरबाई आपल्या ओट्यावर बसली होती. त्यांनी दार लोटलं, आतून कडी घातली, मग येऊन काच लेकीच्या हातात ठेवली.

पुढे सुनंदा सावरली, आपल्या पायांनी धुळ्याला गोळ्या आणायला जाऊ लागली. पण सहा महिने आमच्या घरात काचा बंद दाराआडच पुसल्या गेल्या, चोरीचा माल असावा तशा. मी रोज ती कडी बघायची आणि रोज माझं डोकं तापायचं.