शंखाने चढलेली जीप

शिरूर कासारच्या बाजाराबाहेर सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. दगडांनी भरलेली ट्रॉली जोडलेली शंखबाबाची डिझेल जीप चढाच्या पायथ्याशीच गुरगुरून बंद पडली. मग चेल्यांनी बॉनेटभोवती भगवी शाल धरली, बाबा शालीआड गेला, शंख फुंकून बाहेर आला आणि तीच जीप शिट्टी मारत चढून गेली. लोकांनी हात जोडले.

“गाडीलाबी प्राण असतो, बाळांनो,” बाबा म्हणाला. “हिमालयात आमी एका स्कूटरीत फुंकलं, तर ती इमानाच्या म्होरं गेली.”

विमान कोणत्या रस्त्याने चाललं होतं, हे कुणी विचारलं नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत आलेली रोहिणी गर्दीत उभी होती. वडील मन्मथप्पांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात वाढलेली ही पोरगी औरंगाबादला मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होती. शिट्टी ऐकून तिने कान टवकारले. साध्या जीपला असली शिट्टी नसते. शिवाय परवाच बाबाच्या चेल्याने दुकानातून जीपच्या मापात न बसणारा लांब बेल्ट नेला होता.

तिने हसून सोडून दिलं असतं. पण बंकट ड्रायव्हरने आपल्या जुन्या ट्रकमध्ये शंख फुंकून घेतला होता. ऊसतोडीला निघालेल्या दोन टोळ्या त्याने बायापोरांसकट एकाच खेपेत कोंबल्या होत्या. वाटेत घाट होता.

“बंकटकाका, अर्धी माणसं उतरवा.”

“कावून? बाबानं फुंकलंय. आता दम लई हाय.”

दुसऱ्या प्रयोगासाठी जीप ट्रॉलीसकट पुन्हा पायथ्याशी आणून बंद केली होती. रोहिणी तिच्याकडे निघाली, तसा बाबा आडवा आला.

“बाईमाणसाचा हात लागला, की इंजिनचा प्राण जाईल.”

रोहिणीला संताप आला. “हात लावल्यानं जाणारा प्राण घाट काय चढणार?” म्हणत तिने बॉनेट उघडलंच.

आत नेहमीच्या इंजिनाला दोन जादा यंत्रं जोडलेली होती.

“हा सुपरचार्जर. बेल्टवर फिरतो, इंजिन सुरू होताच आत हवा कोंबतो. हा टर्बो. बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरतो, इंजिन जोरात पळायला लागलं की मग शिट्टी मारतो. लोहाराचा भाता बघितलाय न्हवं? हवा जास्त, तर जाळ जास्त. दम न धरता गाडी उचलायला पहिला, वेग आल्यावर दुसरा. शालीआड बाबा फक्त हा बेल्ट चढवतो; मघाचा अजून काढलेला न्हाई.”

टोळीतली कौशल्याबाई कोयता घेऊन पुढे आली. तिची दोन नातवंडं ट्रकमध्ये बसली होती.

“ह्योच का पट्टा?” तिने विचारलं आणि एका घावात तो तोडला. “फुंक आता.”

बाबाने गाल फुगवून शंख फुंकला. चेल्याने चावी फिरवली. जीप गुरगुरली, काळा धूर ओकून जागीच बंद पडली. बाबाने पुन्हा फुंकलं. गर्दी हसायला लागली.

बंकटचा चेहरा उतरला. “माझ्या ट्रकात यातलं काय हाय, पोरी?”

“काहीच न्हाई. आणि असतं तरी ब्रेक जुनेच हायेत. उतारावर काय करणार होता?”

कौशल्याबाईने नातवंडं खाली घेतली. “दोन खेपा कर बंकट, न्हाईतर आमी कुणीच चढत न्हाई.” तिच्या मागोमाग सगळ्या बाया उतरल्या आणि रस्त्यातच बसल्या.

बंकटने दोन खेपा केल्या. दोन्ही टोळ्या धडधाकट पोचल्या.

चमत्कार दाखवणारा भेटला, तर त्याला आधी झाकण उघडायला सांगा. उघडत नसेल, तर आपली लेकरं त्याच्या भरवशावर घाटात पाठवू नका.