तीनशे एकोणीस नंबरची भुकटी

मित्रांनो, बिस्किटाच्या पुड्यामागे, डोळे बारीक करून वाचावं लागतं तिथे, ‘३१९’ हा आकडा कधी पाहिलात का? ती मी. दिसायला पिठीसाखरेसारखी, पण चाखायला जाऊ नका. माझा जन्म रसायनांतून झाला, आणि झाला तोही मारामारीसाठीच.

हवेतला प्राणवायू तुम्हाला जगवतो, तेलाच्या मात्र जिवावर उठतो. तो तेलाच्या एका कणाचे लचके तोडतो. जखमी झालेला कण शेजारच्यावर तुटून पडतो, तो पुढच्यावर. ही कत्तल वाढली की तेल खवट होतं. मी मध्ये पडते, घाव अंगावर घेते आणि संपून जाते.

पण मला मोजूनच घालायचं. हजार किलो तेलाला दोनशे ग्रॅम, त्यावर कणभरही नाही.

मी ज्या बिस्किटांच्या कारखान्यात होते, तिथे एक पद्धत होती. माझी दोनशे ग्रॅमची पिशवी टाकीत रिकामी केली, की ती टाकीच्या हुकाला अडकवायची. पिशवी लटकतेय म्हणजे मात्रा पडली. लिहिणं-बिहिणं काही नाही. एकदा दुपारी पाळी बदलताना झाडलोट करणाऱ्या नव्या मावशींनी ती पिशवी कचरा समजून काढली. दुसऱ्या पाळीची ताई आली. हूक रिकामा पाहून तिने नवी पिशवी फोडली आणि मला पुन्हा ओतलं.

“ताई, ही पण टाकू का कचऱ्यात? सकाळपासून लोंबत होती,” मावशींनी पहिली पिशवी दाखवली.

ताईचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला. टाकी काठोकाठ भरलेली, आणखी तेल ओतून मला पातळ करायलाही जागा नव्हती. उरलेल्या पिशव्यांतली मी फळीवरून सारं पाहत होते.

“साहेब, मात्रा दुप्पट पडलीय. टाकी गटारात सोडायला हवी,” ताईने फोरमनला सांगितलं.

“हजार किलो तेलावर पाणी सोडू?” फोरमन ओरडला. “दुपटीने कोण मरतंय गं?”

“एका पुड्याने नाही मरत कोणी. पण पोरं रोज खातात. माझी लेक डब्यात हीच बिस्किटं नेते.”

“मग तिला केळं दे! पीठ तयार आहे, तेल सोड आत.”

खरं सांगते, त्या टाकीने कोणी लगेच आडवं पडलं नसतं. पण मर्यादा आखतात ती रोज खाणाऱ्या लहान जिवांचा विचार करून. ती एकदा ‘चालतंय’ म्हणून ओलांडली, की पुढे चालतच राहतं.

ताई तळाच्या तोटीशी जाऊन बसली. फोरमनने तिचा दंड पिरगळला. वेणी धरून ओढलं. तिचं डोकं पत्र्यावर आपटलं, तरी तिने तोटी फिरवली. मग त्याने पाय उचलला आणि बूट तिच्या हातावर हाणला. एकदा. दोनदा. बोटं कटकन वाजली. तिने किंकाळी फोडली, पण तोटी सोडली नाही.

“चूक माझी आहे, मला मार ना मेल्या!” मावशींनी झाडूच्या दांड्याने त्याच्या पाठीत रट्टे घातले. तो वळला, तेलावर घसरला आणि कपाळ यंत्राच्या कडेवर फुटलं. पिवळ्याधमक तेलात दोघांचं रक्त मिसळून गटाराकडे वाहत गेलं. टाकी रिकामी झाली.

मित्रांनो, मला विष म्हणून हाकलू नका आणि अमृत म्हणून ओतूही नका. पुड्याची मागची बाजू वाचत जा. मी तुमचं तेल राखते. मला राखायचं काम माणसांचं.

ताईची दोन बोटं आता वाकत नाहीत. ती डाव्या हाताने मला काट्यावर घालते आणि लगेच वहीत लिहिते. परवा कपाळावर टाक्यांचे वण घेऊन फोरमन मागे उभा होता.

“झालं का गं? पीठ थांबलंय.”

“थांबू दे,” ती मागे न बघता म्हणाली. “मोजतेय.”

तो थांबला.