लुआ मावशींचा हातगुण

"तो नको, निळा दे," लुआ मावशी म्हणाल्या, आणि मी निळा जोड कागदात गुंडाळायच्या आत त्यांनी पैसे माझ्या हातावर ठेवलेसुद्धा. "घे. दुपारपर्यंत दुकान रिकामं होऊ दे."

"अहो मावशी, पायात घालून तरी बघा!"

"माझे पाय आता काय वाढणार आहेत?"

सकाळचे साडेपाच वाजले होते. सा देक या आमच्या नदीकाठच्या गावातल्या जुन्या बाजारात निम्म्या दुकानांच्या फळ्या अजून बंदच होत्या, आणि माझी बोहनी झालीसुद्धा. शेजारच्या भांडेवालीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या तोंडचा घास काढून घेतला.

मी चपला विकते. आईही विकायची. आमच्या धंद्यात माल, भाव, गोड जीभ हे सगळं नंतर, आधी बोहनी. पहिलं गिऱ्हाईक वीस जोड खाली काढायला लावून, भावात घासाघीस करून तसंच निघून गेलं, की दिवस गेला. मग कागद पेटवायचा, तो जळता कागद सगळ्या मालावरून, फळ्यांखालून, गल्ल्यावरून फिरवायचा, तोंडाने चार शिव्या द्यायच्या आणि राख गटारात टाकायची. लुआ मावशींच्या मागे मात्र कुणाला कागद पेटवावा लागत नसे. त्या यायच्या, बोट दाखवायच्या, पैसे द्यायच्या, दोन शब्द बरे बोलायच्या आणि जायच्या. त्यानंतर खप व्हायचा. व्हायचाच, शपथेवर सांगते.

त्यामुळे त्यांना वार वाटून दिलेले होते. सोमवारी माझ्याकडे, मंगळवारी सुई-दोऱ्याच्या दुकानात, बुधवारी भांडेवालीकडे. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणानंतर दुकानं उघडायची तेव्हा तर लोक पंधरा दिवस आधी त्यांचं दार ठोठावायचे. मावशींना मोठा मान होता. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं. आज विचार केला तर आम्ही त्यांना फक्त पाच मिनिटं देत होतो. बोहनी झाली की आम्ही मालाकडे वळायचो. त्या काय खातात, ताप आला तर पाणी कोण देतं, हे बाजारात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

एवढं माहीत होतं की त्यांनी बत्तीस वर्षं नदीवरच्या फेरीबोटीची तिकिटं विकली. लग्न झालं नाही. एक भाऊ होता, तो सायगॉनला गेला तो तिकडचाच झाला. मग नदीवर पूल झाला, फेरी बंद पडली आणि मावशी घरी बसल्या. भाताच्या गिरणीमागे त्यांची एक खोली होती.

पूल झाल्यानंतरच्या वर्षी एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "बिच, सकाळच्या पहिल्या चार फेऱ्यांना मी बाराशे तिकिटं फाडायचे. ते बाराशे लोक तुझ्या दुकानावरून चालत जायचे. आता ते पुलावरून जातात आणि पलीकडच्या मोठ्या दुकानात उतरतात. तू दुसरीकडे जागा बघ."

"मावशी, तुमचा हात असल्यावर मला कसली फिकीर?" मी हसत म्हटलं.

त्याही हसल्या. त्यांना बरं वाटलं, हे मला दिसलं.

पुढच्या तेतला हाउने नवं कपड्यांचं दुकान उघडलं. हाउ म्हणजे आमच्या बाजारातली सगळ्यात धडाडीची बाई. दोन गाळे एक केले, दाराला काच लावली, आत थंड हवेचं यंत्र. बोहनीला अर्थातच लुआ मावशी. सणाच्या पाचव्या दिवशी त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या, आणि काचेपाशी थबकल्या.

"हाउ, ही काच कशाला गं? मासळीबाजारातून चिखलाचे पाय घेऊन आलेली बाई आत कशी येईल?"

"मावशी, तुम्ही फक्त हात लावा. बाकीचं मी बघते."

मावशींनी हात लावला. हाउने पुढे केला तोच रेशमी सदरा घेतला. त्यात त्यांच्यासारख्या दोन बायका मावल्या असत्या, पण बोहनीला खोट काढायची नसते. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आठ महिन्यांत दुकान बंद झालं. बायका बाहेरून काचेत स्वतःचे केस नीट करायच्या आणि पुढे जायच्या. काच उतरवणाऱ्या माणसांसमोर हाउ भर बाजारात म्हणाली, "कुणाच्या हातानं उघडलं होतं, आठवतंय ना? त्या म्हातारीचा हात आता जड झालाय. तिची फेरी बुडाली, आता आपल्याला बुडवतेय."

बोलायची खोटी, सगळ्यांना सगळं आठवू लागलं. सुई-दोऱ्यावालीला आठवलं की गेले तीन मंगळवार कोरडे गेले. भांडेवालीला आठवलं की मावशींनी नेलेल्या पातेल्याला आधीपासूनच पोचा होता. खप सगळ्यांचाच उतरला होता, सगळेच दिवस उतरला होता. पण पुलाला शिव्या देऊन काय होणार? पूल काही ऐकायला येत नाही. लुआ मावशी रोज समोरून येत होत्या.

मंगळवार गेला, बुधवार गेला. "मावशी, आज नको हं, आत्ताच झाली बोहनी." "मावशी, अजून माल लावायचाय." त्या मान हलवून पुढे जायच्या. माझा सोमवार तेवढा राहिला. मी मनात म्हणायचे, बिच, तू काही त्यांच्यातली नाहीस. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

मग एका आठवड्यात सलग चार दिवस माझा एकही जोड गेला नाही. पाचवा दिवस सोमवार. साडेपाचला मावशी आल्या, डोक्यावरची पानांची टोपी काढून बाजूच्या खुंटीला अडकवली आणि एक लाल जोड हातात घेतला.

"मावशी," मी म्हणाले. "जरा नंतर याल? एखादं गिऱ्हाईक होऊन गेल्यावर?"

हातातला जोड त्यांनी होता तिथे ठेवला, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. "हो गं, बरोबर आहे," म्हणाल्या आणि निघाल्या.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण त्यांनी जोडाला हात लावला होता आणि घेतला नव्हता. घेऊ दिला नव्हता, मीच! तरी माझ्या हातांना आईची सवय. मी वर्तमानपत्राचा तुकडा पेटवला आणि फळीवरून फिरवू लागले. ज्वाळा लाल जोडावर होती तेव्हा समोर सावली पडली. मावशी टोपी विसरल्या होत्या.

मला कागद टाकताही येईना, लपवताही येईना. बोटं भाजायला लागली.

"खालच्या फळीवरूनही फिरव," मावशी शांतपणे म्हणाल्या. "गेल्या सोमवारी मी तिथलाही एक जोड उचलून बघितला होता." खुंटीवरची टोपी घेतली, हनुवटीखाली नीट बांधली आणि गेल्या.

त्या दिवशी माझे सात जोड गेले. त्यातला एकही पैसा मला गोड लागला नाही.

रविवारी दुपारी मी गिरणीमागे गेले. जाताना पपनस घेतलं, तेवढंच सुचलं. मावशींनी चहा केला. खोलीत एक खाट, एक चूल, आणि भिंतभर एक मांडणी. मांडणीत चपलांचे जोड कागदासकट, दोऱ्याची रिळं, पोचा आलेलं पातेलं, हाउचा तो सदरा, घडी न मोडलेला. त्यांना यातलं काहीही नको होतं. सकाळी कुणीतरी आपली वाट बघतंय, तेवढ्यासाठी त्या हे सगळं विकत आणत होत्या. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

"मावशी, उद्या सोमवार आहे. माझी बोहनी तुम्हीच करा. मी चुकले."

"चुकलीस कुठं? चार दिवस खप नव्हता ना?"

"तो पुलामुळे! तुम्हीच सांगितलं होतं मला. बाराशे तिकिटं!"

"सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या. पपनसाची फोड त्यांनी परत ताटलीत ठेवली. "पण मी परत गेल्यावर तुझे सात जोड गेले. बाजारात कळलं मला. त्याचं काय?"

मी त्यांचा हात धरला.

"या ना मावशी."

"बघू," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी पाचलाच फळ्या उघडल्या. लाल जोड पुढे मांडला. सहा वाजता एक बाई दोन मुलांना घेऊन आली, तिला तीन जोड हवे होते. मी म्हटलं, "ताई, थोड्या वेळानं या, अजून बोहनी व्हायचीय." तिला वाटलं मी चेष्टा करतेय. साडेसातला एक रिक्षावाला आला, त्यालाही परत पाठवलं. भांडेवाली म्हणाली, "बिच, तुला वेड लागलं का? दारात आलेलं गिऱ्हाईक कुणी घालवतं?" मी तिला तोंडाला येईल ते बोलले. नऊ वाजले, दहा वाजले. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकान उघडं ठेवून काहीच विकलं नाही. अकराला बाजार उठू लागला, तेव्हा मीही फळ्या लावल्या आणि बाजाराच्या फाटकाकडे गेले.

फाटकाशी थाम आजी भाजी घेऊन बसते. मला बघून म्हणाली, "झाली का गं एकदाची तुझी बोहनी?"

"नाही. का?"

"लुआ सकाळपासून इथंच उभी होती ना. आत चल म्हटलं, तर म्हणाली, बिचकडून कुणीतरी काही घेऊन गेलं की मग आत जाईन. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत डोकावत होती, चपला दिसतात का म्हणून. तीनदा मला विचारलं, बिचची बोहनी झाली का. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. नव्हतीच झाली, खोटं कशाला सांगू?"

"मग?"

"मग गेली. म्हणाली, मी आत पाऊलही टाकलं नाही तरी पोरीचा दिवस कोरडा गेला. म्हणजे फाटकाशी उभं राहिलेलंही बाधतं. उद्यापासून तांदूळ-भाजी पुलापलीकडून आणेन म्हणाली."

"पलीकडून? चालत?"

"सायकल कुठाय तिला?" थाम आजीने उरलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. "तास-दीड तास लागेल. आणि पूल चढायचा, एकाहत्तराव्या वर्षी."