माझ्या पोटातली अंबाडी

मित्रांनो, मी एक जुना वॉर्डरोब आहे. ओकचा, दोन दारांचा आणि तोंडाचा जरा फटकळ. मुक्काम इंग्लंडातलं कॉव्हेंट्री, सुभाषरावांच्या घरातली मागची खोली, स्वयंपाकघराला लागून. त्यांच्या पत्नी चंदाबाई मला कपाट म्हणतात. इथेच जन्मलेला त्यांचा मुलगा विक्रांत मला 'ती कपाट' म्हणतो. आता तिशीला आला, पण त्याला कोणी सुधारलं नाही. असो.

सुभाषराव मोटारींच्या कारखान्यात होते. नव्या संसारासाठी त्यांनी मला जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं. माझ्या दाराला दोन किल्ल्या. एक दारालाच असायची, दुसरी चंदाबाईंच्या जुडग्यात. माझ्यात सुभाषरावांचा राखाडी सूट असायचा आणि चंदाबाईंच्या पांढऱ्या साड्या. त्या साड्या रविवारी विहारात वंदनेला जाताना नेसायच्या. मधे डांबराच्या गोळ्या. "ह्याच्याइतकं स्वच्छ कपाट अख्ख्या रस्त्यात नाही," असं चंदाबाई आल्यागेल्याला सांगत, आणि मी फुगायचो. इथल्या दमट हवेत तर जरा जास्तच फुगायचो.

मग सुभाषराव गेले. सूट चॅरिटी शॉपला गेला. आणि २००९च्या हिवाळ्यात विक्रांतने चंदाबाईंच्या साड्या सूटकेसमध्ये भरल्या.

"आई, ह्या कपाटमध्ये ऑफिसचा सर्व्हर ठेवतो. हॉट होते ते. तू ओपन नको करू," तो म्हणाला.

सर्व्हर म्हणजे काहीतरी मानाची वस्तू असेल, असं मला वाटलं. कसलं काय! त्याने माझी फळी कापली. पाठीला भोक पाडलं. आतून चंदेरी कागद चिकटवला, पंखा बसवला आणि वर जांभळट गुलाबी एलईडी दिवे टांगले. त्यानंतर कुंड्या आल्या. लाकूड झाल्यापासून मी हिरवं पान पाहिलं नव्हतं, म्हणून आधी जीव हरखला. पण झाडं वाढली, त्यांचा उग्र वास सुटला, आणि विक्रांतचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं तेव्हा माझ्या बिजागऱ्या जागच्या जागी गोठल्या. ती नशेची झाडं होती. "एलईडी आहे रे, बिलमध्ये कळतपण नाही," तो मित्राला अभिमानाने सांगत होता. "दिवा बंद कर, कुणाच्या बापाची वीज आहे?" म्हणून सुभाषराव ज्याला जन्मभर ओरडले, तोच हा पोरगा. वीज वाचवायला शिकला खरा, पण कशासाठी? मला कुलूप घालून किल्ली तो खिशात ठेवायचा. दुसरी किल्ली मात्र तो साफ विसरला होता.

एका रविवारी तो जिमला गेला असताना माझ्या दाराखालून पाणी झिरपून कार्पेटवर आलं. चंदाबाई वंदनेसाठी पांढरी साडी नेसून तयार होत्या. पोराचा सर्व्हर भिजेल म्हणून त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या आणि त्यांनी जुडग्यातली किल्ली लावली.

दार उघडलं. मी शरमेने मेलो. आता ह्यांना भोवळ येणार, असं मला वाटलं. पण चंदाबाई वाकल्या, पंजासारखी ती दातेरी पानं त्यांनी हातात धरली, आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"अगं बाई, अंबाडी," त्या म्हणाल्या. "सर्व्हर म्हणे. लबाड कुठला."

मित्रांनो, त्यांना दोष देऊ नका. अंबाडीचं पान असंच दिसतं. आणि इथे अंबाडी मिळत नाही म्हणून त्या दर हिवाळ्यात हळहळायच्या. आपल्या पोराने चोरून, दिवे लावून, खास आपल्यासाठी ती उगवली, असं त्या माउलीला वाटलं. मी ओरडायला हवं होतं. पण वॉर्डरोब फार तर करकरतो.

त्यांनी भराभर पानं खुडली. उकडून पाणी काढलं, कण्या घातल्या, वरून लसणाची फोडणी. विहारातल्या मैत्रिणीला, सुप्रभाताईंना, फोन केला. "आज सगळ्यांसाठी भाजी आणतेय. माझ्या विक्रांतने लावलेली. काय आहे ते तिथेच बघा."

डबा पिशवीत गेला आणि विक्रांत दारात आला. माझी उघडी दारं आणि उघडे देठ पाहून तो पांढराफटक पडला.

"आई, ते भाजी नाही आहे. ते वीड आहे."

"वीड म्हणजे तण ना? अलॉटमेंटच्या भाजीच्या वाफ्यात मी काय कमी उपटलंय? तण नाही रे बाळा, अंबाडी आहे ही. जरा आंबट लागेना, म्हणून चिंच घातली."

"नाही आई," तो म्हणाला. "गांजा."

तेवढा एक शब्द त्याला शुद्ध मराठीत आला.

चंदाबाईंनी पिशवी खाली ठेवली. विहारात सगळे मिळून पंचशील म्हणतात. त्यातलं पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते एकाही रविवारी चुकवलं नव्हतं.

"मीठ बघायला दोन घास खाल्ले मी," त्या म्हणाल्या. "आता पाचवं शील कोणत्या तोंडाने म्हणू? आणि आणखी जरा वेळाने आला असतास, तर सगळ्यांना वाढलं असतं मी. तुझं नाव सांगून."

विक्रांत माझ्या पायाशी, ओल्या कार्पेटवरच बसला. सॉरी, सॉरी म्हणत राहिला. चंदाबाईंनी डबा कचऱ्याच्या बिनमध्ये उपडा केला. परत आल्या, माझ्या दाराला हात टेकून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तू माझ्यासाठी लावलीस."

त्या दिवशी त्या वंदनेला गेल्या नाहीत. सुप्रभाताईंचा फोन वाजत राहिला.

झाडं, दिवे, सगळं विक्रांतने त्याच दुपारी काढलं. मला साबणाने पुसलं, साड्या पुन्हा घड्या घालून ठेवल्या. माझ्या पाठीचं भोक तसंच आहे. वासही पुरता गेलेला नाही. चंदाबाई आता रविवारची साडी आदल्या दिवशीच बाहेर काढून वाऱ्यावर टाकतात.

मित्रांनो, जुन्या लाकडाला पॉलिश करा, बिजागरीला थेंबभर तेल द्या, एवढं मी मागणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. माझ्यासारख्याच्या पोटात असं काही लपवू नका, जे आईला सापडलं तर तिला ती पोराची माया वाटेल.